आंबेनळी घाट, खालून वर

पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या एकाच मार्गावरची ही तीन नावं जगभरच्या भूविज्ञानाच्या ग्रंथांत एकावर एक रचलेली सापडतात. कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९८५ मध्ये या भागातल्या सुमारे १,२०० मीटर जाडीच्या लाव्हाथरांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आणि त्या दशकातल्या इतरांच्या कामातून दख्खनच्या लाव्हातल्या तीन सलग थरसमूहांना ही नावं रूढ झाली. पोलादपूर सर्वांत खाली, म्हणजे तिघांत जुना. त्यावर आंबेनळी, आणि माथ्याला महाबळेश्वर.

रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. बहुतेक प्रवासी महाबळेश्वराहून कोकणात उतरतात आणि त्यांचे डोळे दरीकडे असतात. आम्ही खालून वर निघालो, कारण लाव्हा त्याच क्रमाने साठत गेला. आमचं लक्ष दरीच्या उलट बाजूला होतं, रस्ता काढताना तासलेल्या कातळाच्या भिंतीकडे.

आम्ही म्हणजे मला पदवीच्या वर्गात शिकवलेले सर, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि मी. सर निवृत्त होऊन बराच काळ लोटलाय, पण डिसेंबर उजाडला की ते अजून बूट झटकून बाहेर काढतात. कातळ वाचायला हाच हंगाम चांगला. पावसाळ्यात भिंतींवरून पाणी वाहत असतं, त्यानंतर दीड-दोन महिने गवत आणि खाजकुयलीचं राज्य असतं. डिसेंबरात गवत पिवळं पडून बसतं, शेवाळ सुकतं आणि दगडाचा रंग दिसायला लागतो.

पोलादपूरच्या लॉजवर सकाळी सरांनी पिशवी खाटेवर उपडी केली. दोन हातोडे निघाले. एक भूवैज्ञानिकांचा नेहमीचा, साधारण किलोभर वजनाचा, एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला. दुसरा त्याच्या दुप्पट जड, लोहाराकडून भरवून घेतलेला. काळ्या पाषाणाला पहिला पुरत नाही. मग छिन्नी, डोळ्यांवर लावायचा चष्मा, दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात अडकवायच्या दोरीसकट, ब्रंटन होकायंत्र, वायुभारावर चालणारा उंचीमापक, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली, खिशातला चाकू, टेप, कापडी पिशव्या, मार्कर, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणावरचा नकाशा, आणि जाड पुठ्ठ्याची वही. वहीबरोबर शिसपेन्सिली. शाई घामाने आणि दवाने फुटते, पेन्सिल टिकते.

मुलीने हातोडा उचलून तोलून पाहिला. सरांनी तो तिच्या हातातून घेऊन पुन्हा पिशवीत टाकला. ‘‘हा सगळ्यात शेवटी. वहीत पानभर लिहून झाल्याशिवाय तो बाहेर येणार नाही.’’

सरांचा हा नियम माझ्याही वेळी होता. आज मला तो त्यांच्या सगळ्या शिकवण्याचा कणा वाटतो. दगड फोडला की माणसाचं लक्ष हातातल्या तुकड्यावर खिळतं आणि तो तुकडा ज्या डोंगराचा आहे तो डोंगर नजरेआड होतो. म्हणून आधी लांबून पाहायचं, मग जवळून, मग भिंगातून. क्रम उलटा करायचा नाही.

सावित्रीचं खोरं जिथे उघडं दिसतं अशा पहिल्याच मोकळ्या वळणावर गाडी थांबवली. समोर सह्याद्रीची भिंत. उभा काळा कडा, त्यावर गवताचा किंवा झाडीचा तिरका पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा, असं थेट माथ्यापर्यंत. गड चढणाऱ्या प्रत्येकाच्या पायांना ही रचना ठाऊक असते. दम काढणारा उभा चढ, मग हायसं वाटणारी सपाटी. लाव्हाचा एक प्रवाह थंड झाला की त्याचा मधला भाग घट्ट, टणक बनतो, तोच कडा. त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. तो भाग लवकर झिजतो, माती धरतो, तिथे सपाटी होते आणि झाडं येतात. गडांच्या कितीतरी माच्या अशा झिजलेल्या थरांवर वसल्या आहेत.

‘‘फोटो काढू?’’ मुलीने विचारलं.

‘‘काढ. पण आधी चित्र काढ.’’

‘‘सर, मला चित्रकला येत नाही.’’

‘‘चित्रकला कोण मागतंय? क्षितिजाची रेघ ओढ. कडे कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्या रेघा ओढ. झाडं कुठल्या पट्ट्यात दाट आहेत ते टिपून ठेव. उत्तर कुठे आहे ते लिही आणि उंचीचा अंदाज बाजूला मांड.’’

तिने काढलं. रेघा ओढताना तिला डावीकडचा एक कडा मध्येच बारीक होत संपलेला दिसला. लांबून पाहूनही मला तो दिसला नव्हता. लाव्हाचे काही प्रवाह मैलोन्‌मैल अखंड पसरतात, काही लहान लहान जिभांनी एकमेकांवर चढत जातात, आणि दोन्हींच्या कडा वेगळ्या दिसतात. हातात तुकडा घेऊन हे कधीच कळलं नसतं. फोटोत तो कडा आला असताच, पण आपण तो पाहिला असता की नाही याची खात्री देता येत नाही.

वहीचीही एक शिस्त आहे. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर मजकूर. प्रत्येक थांब्याला क्रमांक. त्याखाली तारीख, वेळ, जागा, उंची, आणि मग सरांचे दोन मथळे: ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. ‘तांबूस, भुसभुशीत, वीतभर जाडीचा पट्टा, वरची कड सरळ, खालची अस्पष्ट’ हे दिसलेलं. ‘दोन प्रवाहांमधल्या काळात झालेली माती’ हे वाटलेलं. दहा वर्षांनी शास्त्राचं मत बदलेल तेव्हा ‘वाटलं’खालचा मजकूर खोडावा लागेल, ‘दिसलं’खालचा तसाच उपयोगी राहील. ज्यांच्या वहीत ही दोन्ही एकमेकांत मिसळलेली असतात त्यांचं काम पुढच्याला वापरता येत नाही. चांगल्या डोळ्यांच्या कितीतरी जणांचं काम असं वाया गेलेलं मी पाहिलंय.

घाट सुरू झाल्यावर पहिल्या मोठ्या कापलेल्या भिंतीशी थांबलो. भिंतीजवळ जाण्याआधी सरांनी वर पाहिलं आणि आम्हालाही पाहायला लावलं. लोंबता दगड आहे का, आणि पुढे आलेल्या कातळाखाली आग्या मोहोळ आहे का. सह्याद्रीच्या कड्यांवर ही पोळी सर्रास असतात आणि हातोड्याचा आवाज त्यांना चालत नाही. वाहनं कुठून येतात, गाडी कुठे उभी करायची, वळणाच्या पोटात थांबायचं नाही, हेही त्यातच आलं.

मग भिंत. अगदी खाली, रस्त्याच्या गटाराजवळ, बोटभर लांबीच्या बारीक उभ्या नळ्या. ओलसर जमिनीवर तापलेला लाव्हा पसरला की खालून वायू वर चढू लागतो आणि लाव्हा थिजता थिजता त्याच्या वाटा तशाच गोठतात. यातल्या काही नळ्या वर जाताना एका अंगाला वाकलेल्या असतात. थिजत असलेला लाव्हा कुठल्या दिशेने सरकत होता हे त्या वाकण्यावरून कळतं. त्यावर काळा, घट्ट, उभ्या-आडव्या भेगांचा भाग. त्याच्यावर पोकळ्यांनी भरलेला भाग, आणि पोकळ्यांमध्ये पांढरी, हिरवी खनिजं. आपल्याकडे विहिरी खोदणारे या ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात आणि टणक भागाला काळा पाषाण. सुरुंग कुठे लागेल आणि पहारीने कुठे भागेल हे या दोन नावांतच ठरतं. तळ, गाभा आणि माथा एकदा ओळखता आले की एक प्रवाह संपून दुसरा कुठे सुरू झाला हे सांगता येतं. दख्खनमधल्या सगळ्या मोजणीचा पाया हा.

वहीत पान भरलं तेव्हा हातोडा बाहेर आला.

सरांनी आधी नुसतं ठोकून ऐकवलं. ताजा, न कुजलेला बेसाल्ट ठणठणतो. आतून कुजलेला भद्द वाजतो. वडार आणि पाथरवट याच आवाजावर दगड निवडतात आणि त्यांचा कान आमच्यापेक्षा तयार असतो. मग फोडायची जागा. सपाट भिंतीवर कितीही घाव घातले तरी हात झिणझिणण्यापलीकडे काही होत नाही. भेगेपाशी पुढे आलेला कोपरा शोधायचा, चौकोनी तोंडाची कड त्याच्या धारेवर बसेल असा घाव घालायचा. ढलप्या काचेच्या धारेच्या निघतात, म्हणून चष्मा लागतो. आणि एक हातोडा छिन्नीसारखा धरून त्यावर दुसरा कधीही मारायचा नाही. पोलादाचा कण उडून डोळ्यात जातो.

हातोड्याचं काम एवढंच, की हवापाण्याने बदललेली साल काढून खरा दगड दाखवायचा. बाहेरून तपकिरी दिसणारा तो तुकडा आतून जवळजवळ निळसर काळा निघाला. आता भिंगाची पाळी. मुलगी भिंग दगडावर धरून लांबून डोकावत होती. सरांनी तिचा हात उचलून भिंग तिच्या डोळ्याला टेकवलं आणि दगड भिंगाजवळ आणला, पाठीमागून ऊन येईल असा. ‘‘आता दगड हळूहळू फिरव.’’ ती थबकली. फिरवताना बारीक लांबट काड्या एका क्षणी चमकतात आणि विझतात, ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. त्यांच्या मधले काळसर कण पायरॉक्सिनचे. प्रकाशात दगड न फिरवता हे दिसत नाही. भिंगाचं अर्धं काम मनगट करतं.

पोकळ्यांमधल्या पांढऱ्या खनिजांनी आम्हाला बराच वेळ गुंतवून ठेवलं. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली. नखाने अडीचपर्यंतचं ओरखडतं, चाकूने साधारण साडेपाचपर्यंतचं. गारगोटी सातवर, तिच्यावर चाकू नुसता घसरतो. पण कॅल्साइट तीनवर आणि स्टिलबाइट हे झिओलाइट साडेतीन ते चारवर. दोन्ही पांढरी, दोन्हींवर चाकूचा ओरखडा उठतो. इथे आम्लाची बाटली कामाला येते. एका पोकळीत थेंब टाकताच फसफसून बुडबुडे आले, ते कॅल्साइट. शेजारच्या पोकळीत काहीच झालं नाही. भिंगातून पाहिलं तर मध्ये आवळलेल्या गवताच्या पेंढीसारखे स्फटिकांचे झुबके, मोत्याची झाक असलेले. स्टिलबाइट. चुनखडीच्या प्रदेशात ही बाटली पावलोपावली लागते. इथे ती दिवसभरात थोडेच थेंब खर्ची घालते, पण त्या थेंबांवाचून नोंद अडून राहते.

पुस्तकात क्षेत्रकामाची साधनं जशी सांगितलेली असतात तशीच्या तशी ती सह्याद्रीत चालत नाहीत. आंबेनळीत हे जितकं ठसतं तितकं क्वचितच कुठे ठसत असेल. होकायंत्राचंच पाहा. डेव्हिड ब्रंटन या खाण अभियंत्याने १८९४ मध्ये पेटंट घेतलेलं हे खिशात मावणारं यंत्र थरांची दिशा आणि कल मोजायला जगभर वापरतात. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि तो दगड स्वतःच मंद चुंबक असतो. सरांनी मुलीला यंत्र भिंतीला टेकवून वाचायला सांगितलं, मग दोन पावलं मागे येऊन पुन्हा. सुई वेगळीकडे थांबली. माथ्यावरच्या धारेवर वीज पडलेली जागा असेल तर सुई याहून खूप भलतीकडे जाते. मग उपाय काय? कातळापासून दूर उभं राहून दिशा घ्यायची, तीच रेषा दुसऱ्या टोकाला जाऊन उलटी वाचायची, आणि दोन्ही जुळली तरच लिहायची. लोखंडी कठड्यापाशी उभं राहायचं नाही, कमरेचा हातोडा आधी खाली ठेवायचा. खऱ्या उत्तरेत आणि सुईच्या उत्तरेत या भागात एक अंशाचाही फरक नाही, तेवढं एक गणित वाचतं.

कलाचंही तसंच. इथले थर दक्षिणेकडे फार मंद, एका अंशाहूनही कमी झुकलेले आहेत. इतका कल भिंतीवर यंत्र ठेवून मोजता येत नाही, दगडाचा खडबडीतपणाच त्याहून जास्त असतो. पण अर्ध्या अंशाचा उतार ५० किलोमीटरवर सव्वाचारशे मीटरहून जास्त फरक पाडतो. तोच थर लांबलांबच्या घाटांत किती उंचीवर सापडतो हे पाहिलं की कल आपोआप उलगडतो. कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि तरी त्याच्या नावाचा थरसमूह महाबळेश्वरच्या थरांपेक्षा जुना आहे. दक्षिणेकडे जावं तसे जुने थर खाली खाली बुडत जातात.

त्यामुळे सह्याद्रीत खरं काम उंची मोजण्याचं. सरांचा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. सुमारे नऊ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने उतरतो. पण आपल्या उष्ण प्रदेशात दाब स्वतःच दिवसातून दोनदा चढतो आणि उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला तो वर असतो, दुपारी चारच्या सुमाराला खाली, आणि फरक तीनेक मिलिबार. म्हणजे तुम्ही एका जागी बसून राहिलात तरी यंत्राच्या मते संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस मीटर चढलेले असता. लाव्हाचा एक अख्खा प्रवाह तेवढ्याच जाडीचा असू शकतो. म्हणून नकाशावर उंची दिलेल्या जागेशी यंत्र लावून घ्यायचं, प्रत्येक वाचनापुढे वेळ लिहायची, आणि ओळखीच्या उंचीवर परत आलं की फरक पाहून मधल्या नोंदी सुधारायच्या. मुलीने मोबाइलवरची उंची दाखवली. सरांनी तीही लिहून घ्यायला सांगितली, वेगळ्या रकान्यात. दरीत भिंतीला चिकटून उभं असताना आकाशाचा अर्धा भाग झाकलेला असतो, तेव्हा मोबाइलची उंची भरवशाची नसते.

लहान अंतरासाठी याहून सोपी रीत आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. ब्रंटनचा कलमापक शून्यावर ठेवून त्यातून समोर पाहायचं. नजरेच्या रेषेत चढावर जो दगड येतो त्यावर जाऊन उभं राहायचं. आपण आपल्या डोळ्यांच्या उंचीएवढे चढलो. पुन्हा पाहायचं, पुन्हा चढायचं. स्वतःच्या शरीराचीच काठी होते. मुलीने जुन्या पायवाटेने एका प्रवाहाची जाडी अशी मोजली आणि सरांनी टेपने पडताळली.

तांबड्या पट्ट्याशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. दोन काळ्या प्रवाहांच्या मध्ये विटकरी रंगाचा, कुठे वीतभर तर कुठे हातभर जाडीचा मऊ थर. भूवैज्ञानिक त्याला बोल म्हणतात. खालच्या प्रवाहाचा माथा, कधी त्यावर पडलेली ज्वालामुखीची राख, हवापाण्याने कुजून हा थर होतो आणि वरून पुढचा तापलेला लाव्हा त्यावर पसरतो. म्हणजे इथे उद्रेक थांबला होता. किती काळ, हा प्रश्न साधा नाही.

पूर्वी विद्यार्थी हा पट्टा खरवडून बाजूला करत आणि ‘चांगला दगड’ गोळा करत. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याची किंमत पार बदलली. प्रिन्स्टनच्या अभ्यासकांनी अशाच थरांतल्या राखेतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे करून युरेनियम-शिसे पद्धतीने वयं काढली. बर्कलेच्या गटाने लाव्हातल्या प्लॅजिओक्लेजवर आरगॉन पद्धत वापरली. दोघांचे निबंध २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात आले. उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि जेमतेम दहा लाख वर्षांचा, यावर त्यांचं एकमत होतं. पण डायनोसॉर संपले त्या क्षणाच्या मानाने कुठला लाव्हा आधी आणि कुठला नंतर, यावर नव्हतं. प्रिन्स्टनच्या मते उद्रेक झटक्या-झटक्याने झाले आणि पोलादपूरचा मोठा झटका मेक्सिकोतल्या चिकशुलूबच्या उल्कापाताआधी काही दशसहस्र वर्षं सुरू झाला. बर्कलेच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतर ओतला गेला. हा वाद ज्या खडकावरून आहे तो त्या वेळी आमच्या बुटांखाली होता, आणि मुलगी गुडघे टेकून चाकूने त्यातलीच तांबडी माती पिशवीत भरत होती. झिरकॉन फार विरळ असतात, म्हणून पिशवी चांगली जड भरावी लागते.

त्या पट्ट्यातून थेंब थेंब पाणी पाझरत होतं. वरच्या भेगाळलेल्या कातळातून उतरलेलं पाणी या मातकट थराशी अडतं आणि आडवं बाहेर निघतं. कुंभरोशीला चहा घेताना टपरीवाल्या मामांनी पिशव्यांकडे पाहून विचारलं, ‘‘काय सोनंबिनं सापडलं का, सर?’’ सरांनी तांबड्या मातीची पिशवी उघडून दाखवली. मामांनी चिमूट घेऊन चोळली. ‘‘ही होय? हिच्याच अंगाला आमचं पाणी. उन्हाळ्यात वरची झिरी आटली तरी तांबड्या पट्टीपाशी ओल राहते.’’ मुलीने ते शब्द जसेच्या तसे वहीत घेतले, ‘दिसलं’खाली, मामांच्या नावासकट. सरांनी मान डोलावली. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं हे निरीक्षणच आहे, आणि एका दिवसासाठी आलेल्या आपल्या डोळ्यांना ते मिळालं नसतं.

इथून प्रतापगड समोर दिसतो. गडावर हातोडा न्यायचा नाही, हे सरांना सांगावंही लागलं नाही. तटबंदी, पायऱ्या, कोरीव काम, जुन्या वाटेवरचा उघडा कातळ, यांवर घाव घालणं हा माझ्या मते गुन्हाच आहे, मग शास्त्राचं निमित्त काहीही असो. नमुना घ्यायला रस्त्याच्या कडेला पडलेल्या ढिगात, नाल्यात, खाणीत पुष्कळ दगड असतो. भिंतीतून घ्यावाच लागला तर लागेल तेवढाच.

वरच्या वळणांवर नव्या संरक्षक भिंती आणि जागोजागी खरवडलेले उतार दिसतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता कितीतरी ठिकाणी तुटला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. कातळाच्या उतारावर माती आणि सुट्या दगडांचं जाड पांघरूण, खाली पाणी अडवणारा थर, आणि वर एका दिवसात कोसळणारा पाऊस, अशी ती जुळणी असते. मामांना ठाऊक असलेली तांबडी पट्टी उन्हाळ्यात ओल देते, आणि तिच्यासारखाच पाणी न सोडणारा थर पावसाळ्यात वरचं पांघरूण निसटायला मदत करतो. उतार वाचायला सरांनी कुठलंच यंत्र काढलं नाही. बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ झालेली झाडं, माथ्याशी चंद्रकोरीच्या आकाराची भेग, तिरके झालेले खांब, नितळ झऱ्याला अचानक आलेलं गढूळ पाणी. या चार गोष्टी ओळखायला भूविज्ञानाची पदवी लागत नाही. घाटाखालच्या प्रत्येक शाळेत त्या शिकवायला हव्यात, आणि त्या अजून सगळीकडे शिकवल्या जात नाहीत याची मला मनापासून चीड येते.

आंबेनळी थरसमूहातून महाबळेश्वरमध्ये आपण कधी शिरलो हे घाटात उभं राहून डोळ्यांनी ठरवता येत नाही. दोन्ही काळेच. कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी सीमा आखल्या त्या रासायनिक पृथक्करणावर, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवर आणि मूलद्रव्यांच्या प्रमाणांवर. पोलादपूरचा लाव्हा वर येताना भूकवचातलं बरंच काही विरघळवून आणतो. आंबेनळीचा त्यामानाने शुद्ध राहिला. मग डोळ्यांचं काम संपलं का? उलट, इथे ते अधिक नेटकं व्हावं लागतं. प्रयोगशाळेत जाणारा तुकडा प्रवाहाच्या घट्ट गाभ्यातलाच हवा, पोकळ्या आणि त्यातली नंतर साठलेली खनिजं नकोत, कुजलेली साल पूर्ण उतरवलेली हवी. त्यावर क्रमांक, पिशवीवर क्रमांक, पिशवीत चिठ्ठीवर क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकासमोर जागा, उंची, थरातलं स्थान. क्रमांक पुसला गेला तर लाखोंच्या यंत्रातून निघालेला आकडाही कुठलाच राहत नाही.

महाबळेश्वर जवळ आल्यावर एका भिंतीत इंचभर व्यासाची गोल गुळगुळीत भोकं दिसली. कुणीतरी आपल्या आधी येऊन दगडातले गाभे काढून नेल्याची खूण. लाव्हा थिजताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कायमची उमटते. ती दिशा मोजायला दगड मुळात कसा बसला होता हे नेमकं कळावं लागतं, आणि बेसाल्टशेजारी होकायंत्रावर विसंबता येत नाही. म्हणून हे अभ्यासक सूर्याची सावली आणि घड्याळ यांच्या आधारे दिशा ठरवतात. महाबळेश्वरच्या थरांत अशाच गाभ्यांवरून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटं असल्याची आणि मग सुमारे ६.५७ कोटी वर्षांपूर्वी सुलटं झाल्याची नोंद मिळाली. याच पद्धतीने १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडातून दाखवलं होतं, की लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. भूखंडं सरकतात हे मानायला तेव्हा बरेच भूवैज्ञानिक तयार नव्हते. मी त्या भोकात बोट घालून पाहिलं. आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत होती.

माथ्यावर दगड एकदम बदलतो. तांबूस, भोकाभोकांचा जांभा. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. असं पाणी लाखो वर्षं झिरपून बेसाल्टमधलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं. पाचगणीचं टेबललँड म्हणजे याच जांभ्याचा सपाट पत्रा. इथे हातोडा ठणठणत नाही, भिंगात स्फटिक चमकत नाहीत, आम्ल निपचित पडतं. सरांनी मुलीला विचारलं, ‘‘आता काय लिहिशील?’’ तिने रंग, भोकांचा आकार, थराची जाडी आणि खाली तो मऊ पांढुरक्या मातीत कसा उतरत जातो ते लिहिलं. मग थोडा विचार करून जांभ्याच्या खालच्या अंगाला पाणी पाझरण्याच्या जागाही नोंदवल्या.

ऊन कलताना आर्थरसीटला गेलो. ज्या भिंतीचं सकाळी खालून चित्र काढलं होतं तिच्या शेजारचीच भिंत आता वरून, बाजूने. मुलीने नवीन पान उघडून कडे मोजायला सुरुवात केली. तिरप्या उन्हात तांबडे पट्टे खुलून दिसत होते.

रात्री खोलीवर पेन्सिलीच्या नोंदींवर शाई फिरवायचं काम. हे त्याच दिवशी करायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. अक्षर लागतं, संदर्भ आठवतात. उंचीमापकाच्या नोंदी वेळेप्रमाणे सुधारून मुलीने कागदावर उभा छेद काढला, सगळ्यात खाली पोलादपूरच्या बाजूची पहिली भिंत, वर जांभा. मध्ये एका जागी आकडे जुळेनात. मोजलेल्या जाडीप्रमाणे कुंभरोशीच्या खाली दोन प्रवाह बसत होते आणि चित्रात तीन कडे होते. तिने वहीचं डावं पान पुन्हा पाहिलं. मधल्या कड्याच्या तळाशी तिने सकाळी एक तुटक रेघ काढली होती आणि तिथे आम्ही थांबलोच नव्हतो.

‘‘तिथे बोल असेल का, सर?’’

‘‘काय लिहिलंयस त्या रेघेपुढे?’’

‘‘झाडांची ओळ. बाकी काही नाही.’’

सरांनी नकाशा पुढे ओढला, वीस मीटरच्या समोच्च रेषा मोजत बोट खाली नेलं आणि ते वळण पेन्सिलीने गोल केलं. उद्या सकाळी लवकर, दाब चढायच्या आत तिथे पोहोचायचं ठरलं.